किलोमीटर नंबर

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी मुंबईहून पुण्याला परत येत होते. गाडी मी चालवत होते, शेजारी लेक मोबाइलमध्ये. आडोशीचा बोगदा मागे पडला, चढ लागला आणि ट्रकांनी नेहमीप्रमाणे तिन्ही लेन आपसात वाटून घेतल्या. त्या गर्दीतून डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे, एक जुनी ओम्नी उभी दिसली. सरकता दरवाजा सताड उघडा, पुढची सीट वर उचललेली आणि खालून वाफ येतेय. मागच्या चाकाला दोन दगड लावलेले. एक म्हातारे गृहस्थ हातात पाण्याची बाटली धरून उभे होते. तळाशी चार बोटं पाणी. कठड्याला टेकून एक बाई बसलेली, तिच्या मांडीवर झोपलेलं पोर. मागच्या काचेवर 'आईवडिलांचा आशीर्वाद'. हे सगळं मला किती वेळ दिसलं असेल? तीन सेकंद, फार तर चार. माझ्या मागे एक बारा चाकी ट्रक हॉर्नवर हात ठेवून होता. मी थांबले नाही.

थांबता आलं नसतं, हे मला कळतं. तिथे चढावर, ट्रकांच्या मधून, अचानक डावीकडे घुसणं म्हणजे एका बंद गाडीच्या दोन करणं. लेकीने लगेच एक्स्प्रेसवेच्या मदतीच्या नंबरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा मुलगा चांगलं बोलत होता. "मॅडम, किलोमीटर नंबर सांगा." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "आडोशीचा बोगदा झाल्यावर." "झाल्यावर किती?" "चढावर, डाव्या बाजूला." "पुण्याकडे का मुंबईकडे?" "पुण्याकडे." "बरोबर मॅडम, पण कडेला पाटी असते बघा, त्यावर किलोमीटर लिहिलेला असतो." पाट्या होत्याच. आम्ही बोलत असतानाही एकामागून एक जात होत्या. वीस वर्षं मी या रस्त्याने येते-जाते, आणि मला एक आकडा सांगता येईना. पेट्रोलिंगच्या गाडीला कळवतो, ते बघतील, असं तो म्हणाला. तोवर लोणावळा आलं.

कुणी बघितलं की नाही, कोण जाणे.

घरी आल्यावर मुगाची खिचडी लावली. दोघीही गप्पच होतो. कुकरची शिट्टी झाली, वाफ भसकन वर गेली आणि मला आजीचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला, "अरे, कुकरचं झाकण कधी असं लगेच उघडतात का?" आजी हे कुकरबद्दल बोलली नव्हती. वरंधा घाटात, 1993 च्या मे महिन्यात, भर दुपारी, बाबांच्या व्हॅनच्या रेडिएटरबद्दल बोलली होती.

आमच्याकडे तिला ओम्नी कधीच कुणी म्हटलं नाही. मारुतीने 1984 मध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आणली तेव्हा तिचं नाव नुसतं व्हॅन होतं, आणि बाबांनी बँकेतल्या सोसायटीचं कर्ज काढून सेकंडहँड घेतली तेव्हाही ती व्हॅनच राहिली. रंग फिका क्रीम. बाबा त्याला हस्तिदंती म्हणायचे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आणि तेही पुढच्या सीटच्या खाली. म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस सरळ चुलीवर बसलेले. थंडीत ते बरं वाटे. मे महिन्यात आई सतरंजीची चौपदरी घडी घालून बसायची आणि तरी दर अर्ध्या तासाने म्हणायची, "उलटा आता मला, ही बाजू झाली." हिंदी सिनेमातल्या गुंडांनी पुढे माणसं पळवायला हीच गाडी पसंत केली. आमच्या घरी तिने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, गादीचा कापूस वाहिला, प्लॅस्टरातल्या पायासकट आजीला वाहिलं आणि एका वर्षी शेजाऱ्यांचा गणपती मांडवापर्यंत नेला.

बाबांचं यंत्राचं शिक्षण शून्य आणि श्रद्धा अपार. मागच्या सीटखाली त्यांची एक खाकी पोतडी असायची. तिच्यात पाने, पकड, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, तार, चिंध्या, पंख्याचा जादा पट्टा, कपड्याच्या साबणाची अर्धी वडी आणि हळदीची पुडी. साबण पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर चोळायला. हळद रेडिएटर झिरपायला लागला तर त्यात टाकायला. ती फुगून भेग बुजवते, असं त्यांना नाना पेठेतल्या एका मिस्त्रीने सांगितलं होतं. आईला बरीच वर्षं वाटत होतं की ती पुडी देवाची आहे. खंडाळ्याच्या घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करून बाबा नाणं टाकायचे तेव्हा ती म्हणायची, "हळदही वाहा की थोडी, पडून आहे." खरं कळल्यावर तिने पुडी काढून घेतली नाही, फक्त चांगली हळद काढून शिळी भरून ठेवली.

तर त्या मे महिन्यात आम्ही दापोलीजवळच्या आमच्या गावाहून पुण्याला निघालो होतो. सहा माणसं, आंब्याच्या सहा पेट्या, आगळाची बरणी आणि दोन फणस. पहाटे निघायचं म्हणत आठ वाजले, कारण आत्याला निघताना कुणाकुणाच्या पाया पडायच्या होत्या आणि गावात पाय भरपूर. कशेडीच्या चढावर टेंपरेचरचा काटा मध्याच्या जरा वर गेला. आता तिथे बोगदा आहे, तेव्हा प्रत्येक वळण भोगावं लागायचं. बाबांनी काचेवर बोटाने टकटक केलं. डॉक्टर थर्मामीटर झटकतात तसं. काटा पोलादपूरच्या उतारावर खाली आला आणि बाबा 'बघा' असं म्हणाले, कुणीच काही बोललेलं नसताना. महाडला चहा झाला. बिरवाडी मागे टाकून वरंध्याला लागलो तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं.

आधी वास आला. गोड, जड, पाक पुढे गेल्यावर येतो तसा. आजी म्हणाली, "फणस फुटला वाटतं." आत्याने मागे वळून फणस चाचपले. फणस शाबूत होते. मग आंबे असतील, पेटी तापली असेल. आम्ही सगळे पाच मिनिटं त्या वासाचं कौतुक करत घाट चढत होतो, आणि सीटखाली कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गरम इंजिनावर थेंब थेंब जळत होतं. बाबांना त्या कूलंटचा भारी अभिमान होता. तेव्हा बहुतेकजण रेडिएटरात नळाचंच पाणी घालायचे. बाबांनी खास पाच लिटरचा डबा आणून हिरवंगार कूलंट भरलं होतं. काटा लाल पट्टीला टेकला, आईने "अहो, खालून चटका बसतोय" म्हटलं आणि बाबांनी एका वळणावर, कातळाच्या हातभर सावलीत, गाडी उभी केली. धाकट्या भावाने चाकाला दगड लावला. सीट उचलली तशी वाफेची एक भिंतच वर आली. बाबा फडकं घेऊन झाकणाकडे निघाले आणि तेव्हा आजीने ते कुकरचं वाक्य टाकलं.

आजी चौथी शिकलेली. पण तिचं बरोबर होतं. रेडिएटरचं झाकण आणि कुकरचं झाकण एकाच कुळातलं. झाकणातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. बाबांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि रस्त्याकडेला उकिडवे बसले. अर्धा तास. त्या अर्ध्या तासातली शांतता मला अजून आठवते. गाडीच्या आत टक्, टक् असे निवत्या लोखंडाचे आवाज, खाली दरीत कुठेतरी भारद्वाजाचं घुमणं, आणि आई आमच्यासमोर पाण्याची रिकामी बाटली उलटी करून दाखवतेय. सगळं पाणी आम्ही मुलांनी महाडच्या आधीच संपवलं होतं.

बिघाड साधा निघाला. इंजिनाकडे जाणारी रबरी नळी क्लिपच्या तोंडाशी फाटली होती. बाबांनी गोणपाट अंथरून गाडीखाली डोकं घातलं, क्लिप सैल केली, नळीचं फाटलेलं दोन बोटं टोक कापून टाकलं आणि उरलेली नळी ओढून पुन्हा बसवली. कधी नव्हे ते सगळं जमलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता की आईलाही बोलवेना. डब्यात कूलंट होतं तेवढं ओतलं; ते तळालाच गेलं. अजून चार-पाच लिटर तरी पाणी हवं होतं. आणि वरंधा घाटात मे महिन्यात पाणी कुठून आणणार? ऑगस्टमध्ये याच वळणावर अंगावर धबधबे पडतात, भज्यांच्या टपरीवर पोचेपर्यंत माणूस निथळतो. तेव्हा कातळावर त्या धबधब्यांचे नुसते काळे डाग होते. दोन ट्रक थांबले. एकाने त्याच्या कॅनमधलं लोटाभर दिलं, दुसऱ्याकडे त्याच्याच गाडीपुरतं होतं. आजीने घाटमाथ्यावरच्या वाघजाईला नारळ बोलला.

मग ती बाई आली. खालून, रस्ता नसलेल्या बाजूने, करवंदीच्या जाळीतून. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. वर रस्त्याला लागली, आम्हाला पाहिलं आणि थांबली. चाळिशीची असेल, किंवा तिशीचीही असेल. मी बारा वर्षांची होते, मला सगळ्या बायका सारख्याच वयाच्या वाटायच्या. "गाडी तापली काय?" तिने विचारलं. बाबांनी मान हलवली. आमच्यापैकी कुणी पाणी मागितलं नाही, हे मला पक्कं आठवतं. मागण्याची लाजच वाटली असावी. ती आईला म्हणाली, "बाय, हात लाव जरा," आणि दोघींनी मिळून हंडा खाली घेतला. आजीने विचारलं, "कुठनं गं आणलंस?" "खालच्या झऱ्यावरनं. इहीर आटली." झरा कुठे दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त खोल खाली वाळलेलं गवत.

आईने ओढणीसारखा धरलेला पदर गाळणीला लावला, बाबांनी वर्तमानपत्राचं नरसाळं केलं, आणि इंजिन चालू ठेवून, तांब्या तांब्याने, पाणी आत जायला लागलं. एकदम ओतायचं नाही, तापलेल्या लोखंडाला गार पाणी लागलं की तडा जातो, असं बाबा सांगत होते. तीही ऐकत होती. अर्धा हंडा झाला आणि गाडीखालून धार लागली. क्लिप नीट आवळली गेली नव्हती. पाणी डांबरावर आलं, चर्र झालं, उताराला लागलं आणि पाच-सहा पावलांवर संपलं. ओल सुद्धा मिनिटभरात दिसेनाशी झाली. कुणी काही बोललं नाही. ती त्या वाळत जाणाऱ्या डागाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते.

बाबांनी पुन्हा खाली जाऊन क्लिप आवळली. तिने उरलेला हंडा दिला आणि मग, न विचारता, कळशीही.

बाबांनी दहाची नोट पुढे केली. तिने नोटेकडे पाहिलं आणि अगदी सहज, जराही न रागावता म्हणाली, "पैशानं काय पानी वर चढून येतंय?" आईने आंबे काढले. ती हसली. आंबे तिच्या वाडीत झाडाखाली पडून होते. मग तिची नजर रस्त्याकडेला टाकलेल्या कूलंटच्या डब्यावर गेली. पाच लिटरचा, मजबूत, आटे असलेल्या झाकणाचा, हाताला मूठ. "त्यो डबा नको असंल तर घेऊ?" आम्हाला इतकं हायसं वाटलं! काहीतरी देता येत होतं. तो डबा उचलून तिच्या हातात मी दिला. तिने झाकण काढून वास घेतला. "गोड येतोय," म्हणाली. मग रिकामा हंडा, रिकामी कळशी आणि तो डबा घेऊन ती पुन्हा खाली उतरली, आली होती त्याच वाटेने. घरी जायच्या ऐवजी परत झऱ्यावर.

हे सगळं मी कॉलेजात जाईपर्यंत एक चांगली आठवण म्हणून सांगत असे. रस्त्यावर माणसं कशी मदत करतात त्याची गोष्ट. मग एमएस्सीला, प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात, इथिलीन ग्लायकॉल या नावापुढे लाल रंगात विषारी असं लिहिलेलं वाचलं. कूलंट म्हणजे मुख्यतः तेच. चवीला गोड, म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात. पोटात गेलं की यकृत त्याचं शेवटी ऑक्झॅलिक आम्ल करतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडतं आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक साचतात. अळूने घशाला खाज सुटते ती याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे. काही देशांत कूलंटमध्ये मुद्दाम कडू द्रव्य मिसळतात, कुणी गोड म्हणून पिऊ नये यासाठी. आमच्या डब्याचा वास घेऊन ती 'गोड येतोय' म्हणाली होती. तो डबा तिने पाण्यालाच घेतला होता, दुसऱ्या कशाला घेणार?

मी रसायनशास्त्र शिकवते. हिशोब करता येतो आणि तो मी कितीदा तरी केलाय. डबा निपटून ओतला होता, आत भिंतीला चिकटलेलं धरून फार तर वीस मिलिलिटर. मोठ्या माणसाला धोका साधारण शंभर मिलिलिटरच्या आसपास. तिने तो नक्की विसळला असणार. झऱ्यावर बसून राख-मातीने घासला असणार, भांडी घासतात तसा. एकदा विसळला तरी काहीच उरत नाही. हिशोब अगदी सुटतो. "धुऊन घ्या हं," असं आई म्हणाल्याचंही मला आठवतं. पण ते खरंच आठवतं की मी नंतर आठवणीत आईच्या तोंडी घातलं, याची खात्री देता येत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "कुठली बाई?" तिला फणस आठवतात. दर वर्षी बारावीला पॉलिमरच्या धड्यात टेरिलीन येतं, मी फळ्यावर इथिलीन ग्लायकॉलचं सूत्र लिहिते आणि डब्याच्या मुठीभोवती आवळलेला तो हात डोळ्यांपुढे येतो. हातात हिरव्या बांगड्या होत्या. डब्याच्या तळाशी उरलेलंही हिरवंच होतं.

तिची वाडी कुठली, ते कुणी विचारलं नव्हतं.

व्हॅनचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. 1997 मध्ये बाबांनी काट्याकडे दुर्लक्ष करून ती खंबाटकीचा घाट तशीच रेटली आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणारी चकती, गेलं. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. हेड काढून लेथवाल्याकडे घासायला गेलं, वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली, खर्च ऐकून आईने बोलणं टाकलं. मग ती एका शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्याला विकली. जाताना बाबांनी पोतडी दिली नाही. ती अजून आमच्या माळ्यावर आहे, हळदीसकट.

अपघात माझ्या वाट्याला एकदाच आला, 2009 च्या जूनमध्ये. साताऱ्याच्या रस्त्यावर, सुरूरच्या पुढे. पहिला पाऊस, नुसता शिडकावा. चार-सहा महिने रस्त्यात मुरलेलं तेल आणि टायरांची भुकटी त्या शिडकाव्याने वर येते आणि डांबराचं लोणी होतं. नवऱ्याने ब्रेक दाबला, गाडीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि दुभाजकावर जाऊन बसली. काचेने माझं मनगट कापलं. मागून येणारा कोबीचा टेम्पो थांबला. त्यातल्या माणसाने टेम्पो आमच्या मागे आडवा लावला, कडेच्या बाभळीच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकल्या, त्याही मागे दगडांची ओळ मांडली, आणि मगच माझ्याकडे आला. खांद्यावरचा पंचा सोडून मनगटाला असा काही बांधला की नंतर डॉक्टरांनी विचारलं, कुणी बांधलं हे? पोलिसांची गाडी लांबून दिसली तसा तो म्हणाला, "ताई, मी निघतो. ते आले की साक्ष, जबाब, माझा कोबी वाया जातो." पंचा राहिला. धुऊन, इस्त्री करून बरीच वर्षं कपाटात होता. परत कुणाला देणार? टेम्पोचा नंबर घेतला नव्हता.

पण त्या दिवशीचं अजून एक आहे, ते मी फारसं सांगत नाही. आमची गाडी क्रेनने बाजूला नेली, आम्ही रुग्णालयात गेलो. दगड कुणी उचलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवरा कागदपत्रांसाठी तिथे गेला तेव्हा दगडांची ओळ तशीच होती, फक्त विस्कटलेली, आणि हवालदार सांगत होता की रात्री एक मोटारसायकल त्यावरून उडाली. माणूस वाचला. पाय मोडला. आमच्या जिवासाठी मांडलेल्या दगडांनी मोडला. घाटात, महामार्गावर, कुठेही बघा, गाडी निघून गेलेली असते आणि तिच्या चाकाचे दगड मागे राहिलेले असतात.

कोबीवाल्यासारख्यांची भीती कायद्याने नंतर मान्य केली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली, 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीला ये असा तगादा नाही. चांगलंच झालं. पण त्याच 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल रात्री पुरात वाहून गेला, दोन एसट्या गेल्या, तेव्हा पुलाजवळच्या एका गॅरेजात काम करणाऱ्या माणसाने पावसात रस्त्यावर येऊन मागच्या गाड्या थांबवल्या होत्या. त्याने ती तत्त्वं वाचली असतील असं वाटत नाही. बातमी वाचताना मला फक्त एवढंच वाटत राहिलं की किती गाड्या थांबल्या असतील त्याला माहीत असेल, पण कुठल्या गाडीत कोण होतं ते नाही. आणि थांबलेल्यांपैकी कितीजण नंतर महाडला गेल्यावर त्या गॅरेजाशी उतरले असतील?

आता माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं तर काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, त्यावर कंपनीचं चिन्ह. खाली काय आहे ते बघायची माझी टाप नाही. विम्यासोबत मदतसेवा येते, फोन केला की नकाशावर एक ठिपका हलायला लागतो आणि आपण काच वर करून एसीत... नाही, एसी नाही, इंजिन बंद असतं. पण बसतो आपण आतच. लेकीला मी एकदा रेडिएटर कुठे असतो ते दाखवायला गेले आणि मलाच सापडेना. तरी डिकीत पाच लिटरचे दोन कॅन भरून ठेवते. लेक म्हणते, "आई, हे कधी लागणार आहे?" मला लागायला म्हणून ते ठेवलेलेच नाहीत, हे तिला सांगितलेलं नाही. त्या रविवारी तेही डिकीत होते. दहा लिटर पाणी, शिगोशीग, त्या म्हाताऱ्याच्या बाटलीपासून दोन हातांवरून गेलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा मुंबईला जाणं झालं. येताना गाडी लेक चालवत होती. आडोशीचा बोगदा येण्याआधीपासून मी डाव्या खिडकीला नाक लावून बसले. "काय बघतेयस?" "पाट्या." बोगदा संपला, चढ लागला, ट्रक आलेच. ते वळण मी ओळखलं. कठड्याचा एक पत्रा तिथे आत चेपलेला होता. पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे दोन दगड होते, मागच्या चाकाएवढ्या अंतरावर, तसेच. व्हॅन नव्हती. "थांब ना," मी म्हटलं. "आई, इथे?" मागून हॉर्न वाजला. मी घाईघाईने पाटी शोधली आणि मोठ्याने वाचली, "बेचाळीस पूर्णांक..." पुढचा आकडा ट्रकाआड गेला.